स्पीकरांची श्रवणतुलना आणि तिचे ध्वनिमुद्रण

घरगुती हाय-फाय संचातील दोन किंवा अधिक स्पीकर एकाच खोलीत, एकाच संगीतावर आळीपाळीने ऐकून त्यांच्या आवाजातला फरक ठरवणे व नोंदवणे म्हणजे श्रवणतुलना.

आरंभीचे जाहीर प्रयोग स्पीकराची गाठ थेट मूळ आवाजाशी घालत. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, आणि पुढे अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी फाइन आर्ट्स क्वार्टेटच्या साथीने, प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकवले. श्रोते चकित झाले, पण कोणता स्पीकर कोणाहून सरस हे त्यातून कळत नव्हते.

ते कळण्याची शिस्त फ्लॉइड टूल यांनी ओटावा येथील नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये घालून दिली. स्पीकर पडद्याआड ठेवले, आवाजाची पातळी समान केली आणि एका वेळी एकच स्पीकर वाजवला, तर निरोगी कानांच्या श्रोत्यांची मते आश्चर्य वाटावे इतकी जुळतात, असे त्यांना आढळले. एकच स्पीकर ऐकताना दोष लवकर उघडे पडतात. स्टिरिओत ते झाकले जातात. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. दिसू लागताच लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. त्याहून बोलका निष्कर्ष असा, की स्पीकराची जागा बदलल्याने आवाजात पडणारा खराखुरा फरकही डोळे उघडे असताना श्रोत्यांना कमी जाणवला. त्यामुळे पडद्याविना दिलेले गुण, ते कितीही अनुभवी माणसाने दिलेले असोत, पुरावा म्हणून कच्चेच मानावे लागतात.

पातळीतला थोडा फरक कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. म्हणून बसण्याच्या जागी ध्वनिपातळीमापक ठेवून, पिंक नॉइज वाजवून, दोन्ही स्पीकर अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावेत. बारीकसारीक छटा कानाच्या स्मृतीत काही सेकंदच टिकतात. तारा बदलण्यात पाच मिनिटे गेली की तुलना संपलीच. जागाही तीच हवी. ४ मीटर लांबीच्या खोलीत त्या दिशेचा पहिला अनुनाद सुमारे ४३ हर्ट्‌झला येतो, आणि स्पीकर हातभर सरकवला तरी खर्ज फुगतो किंवा आटतो. याच कारणाने हार्मन कंपनीने कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे पडद्यामागे स्पीकर काही सेकंदांत नेमक्या त्याच जागी आणणारी यंत्रणा उभारली. घरी अशी सोय नसते. मदतनीसाने पडद्यामागे अदलाबदल करणे हा त्यातला त्यात बरा मार्ग. कसोटीला परिचित मानवी आवाज उत्तम. आपल्याकडच्या श्रोत्याला तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमारा यांचीही चांगली मदत होते.

तुलनेचे ध्वनिमुद्रण करावे ही इच्छा स्वाभाविक आहे, पण त्याची मर्यादा मूलभूत आहे. खोलीत माणूस दोन कानांनी व किंचित मान हलवत ऐकतो, त्यामुळे स्पीकरातून थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज मेंदू वेगळे ओळखतो. एकट्या मायक्रोफोनात दोन्ही मिसळून जातात, म्हणून मुद्रण प्रत्यक्षापेक्षा पोकळ, दूरचे वाटते. ते पुन्हा ऐकणाऱ्याच्या हेडफोनची छटा त्यावर चढते. नॉयमान केयू १०० सारख्या कृत्रिम डोक्याच्या कानांत बसवलेले मायक्रोफोन दिशाभान बरेच राखतात, तरी त्या कानांचा आकार ऐकणाऱ्याचा नसतो.

अशा मुद्रणावरून ‘हा स्पीकर कसा वाजतो’ सांगता येत नाही. ‘हा त्याच्याहून उजळ आहे’ एवढे मात्र सांगता येते. तेही मायक्रोफोन, त्याची जागा, पातळी व संगीताचा तुकडा न बदलल्यास, आणि फोनमधील आपोआप पातळी सावरणारी सोय बंद ठेवल्यास. सोबत मूळ मुद्रणाचा तोच तुकडा जोडला, तर ऐकणाऱ्याला स्वतःच्या हेडफोनवर संदर्भ मिळतो.

मुद्रणाहून भरवशाची नोंद म्हणजे प्रतिध्वनिरहित कक्षात स्पीकराभोवती आडव्या व उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर घेतलेली ७० मोजमापे. त्यांतून काढलेल्या आलेखसमूहाला ‘स्पिनोरामा’ म्हणतात. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या अशा मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला. प्रत्यक्ष गुणांशी त्याचा सहसंबंध ०.८६ आला.