आलमगिराची फौज आणि कर्नाटकाचे मैदान

१६८१ च्या सप्टेंबरात औरंगजेब ऊर्फ आलमगीर बादशहा अजमेराहून दक्षिणेस निघाला, तेव्हा काबूलपासून बंगालपर्यंत पसरलेल्या साम्राज्याचा खजिना आणि तोफखाना त्याच्या पाठीशी होता. आणि तरीही पुढील पंचवीस वर्षांत त्या वृद्ध सम्राटाला उत्तरेचे पुन्हा दर्शन घडले नाही. त्याच्या व मराठ्यांच्या या युद्धाची कथा आपल्याकडे रायगड, जिंजी, सातारा अशा दुर्गांच्या नावांनी सांगितली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु धारवाड-हुबळीकडे आयुष्य घालविलेल्या मनुष्यास असे वाटल्यावाचून राहत नाही की, ज्या युद्धात किल्ले जिंकूनही मुलूख हाती येत नव्हता, त्याचा खरा निकाल मलप्रभेपासून चित्रदुर्गापर्यंतच्या या उघड्या प्रदेशात लागला.

हुबळी ही त्या काळी कापडाची नामांकित पेठ होती. १६७३ साली मराठी फौजेने ती लुटली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीसही झळ पोहोचली. पुढे शहाजादा मुअज्जम रामघाटाने कोकणात उतरला आणि रसदेवाचून व रोगराईने निम्माशिम्मा होऊन १६८४ मध्ये परतला. दुसऱ्याच वर्षी त्याने हुबळी व धारवाड ही ठाणी काबीज केली. १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडले आणि आदिलशाही सरदार अब्दुल रऊफखान मियाना याने बादशाही चाकरी पत्करून बंकापूरकडील बावीस महालांची जहागीर मिळविली. सावनूरच्या नवाबीचा उगम तोच. कागदोपत्री हा सारा प्रांत आता मोगलांचा झाला होता. परंतु जी आदिलशाही बरीवाईट का होईना येथील देसाई, नाडगौडा आणि नायक यांना एका सूत्रात बांधून ठेवीत होती, तीच नष्ट केल्यामुळे तिचे बेकार झालेले शिलेदार मराठ्यांच्या झेंड्याखाली गोळा झाले, आणि बादशहाने शत्रूचा एक आश्रय मोडताना त्याला शेकडो आश्रय मिळवून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे प्रत्यंतर तीनच वर्षांत आले. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ च्या सप्टेंबरअखेर राजाराम महाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून निघाले, ते गोकाक, सौंदत्ती, नवलगुंद, अण्णिगेरी, लक्ष्मेश्वर, हावेरी या वाटेने, म्हणजे अगदी आपल्या अंगणातून, बिदनूरच्या मुलखात पोहोचले. पाठलाग चालू असता तेथील राणी चन्नम्माने त्यांना आश्रय देऊन पुढे वाट करून दिली आणि त्यापायी बादशहाचा कोप ओढवून घेतला. तिच्या साहाय्यावाचून जिंजीचा आठ वर्षांचा वेढा घडलाच नसता. मराठी माणसाने हे उपकार कधीही विसरू नयेत.

या युद्धाचे स्वरूप एकाच प्रसंगात पाहावयाचे असेल, तर १६९५ च्या नोव्हेंबरातील चित्रदुर्गाकडील दोड्डेरीचा प्रसंग पाहावा. मराठा सेनानी संताजी घोरपड्यांना अडविण्यासाठी खानाजादखान इत्यादी सरदार बादशहाने पाठविले, तेव्हा त्यांचे स्वागत थाटाने व्हावे म्हणून या भागातील मोगल सरदार कासिमखानाने आपले नवे डेरे, सोन्यारुप्याची व चिनी मातीची भांडी यांसह पेशखाना तीन कोस पुढे रवाना केला. संताजींनी फौजेच्या तीन टोळ्या केल्या: एकीने पेशखाना लुटला, दुसरी मदतीस धावून येणाऱ्या कासिमखानावर पडली, आणि राखून ठेवलेल्या तिसरीने खानाजादखान पुढे सरकताच मागे उरलेल्या छावणीचा फडशा पाडला. चित्रदुर्गच्या बरमप्पा नायकाचे बंदूकधारी प्यादे मराठ्यांस सामील होते. मोगल दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले गेले. धान्य संपले, जनावरे छपरांचे गवत ओढून खाऊ लागली, आणि अफूचे व्यसन जडलेला कासिमखान अफूवाचून तेथेच मेला, काहींच्या मते त्याने विष घेतले. उरलेल्यांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून प्राण वाचविले. बाहेर पडलेल्या उपाशी शिपायांना मराठ्यांनी भाकरी व पाणी दिले, ही गोष्टही नमूद करण्याजोगी आहे. दोनच महिन्यांनी बसवापट्टणजवळ मोगल सरदार हिंमतखान गोळी लागून पडला.

यापुढची वर्षे रयतेस फार कठीण गेली. जहागिरीचा वसूल हाती येत नाही, म्हणून मनसबदार पोटापुरते शिपाई ठेवीत, आणि शिपाई नाहीत म्हणून वसूल येत नसे; भीमसेन सक्सेना हा मोगलांच्याच चाकरीतला लेखक या दुरवस्थेचे वर्णन करून गेला आहे. एकीकडे अमिलाचा तगादा, दुसरीकडे चौथाईची मागणी, अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याने पेरावे तरी कोणासाठी? स्वराज्यरक्षणाचे युद्ध म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो, तो मीही बाळगतो. परंतु त्याचा मोबदला ज्यांच्या शेतांनी भरला, त्यांचे स्मरण त्या अभिमानात असले पाहिजे. १७०५ मध्ये बादशहाने वाकिणखेड्याच्या बेरडांवर अखेरची स्वारी केली. गढी मिळाली, परंतु त्यांचा पुढारी पिड्या नायक निसटला, आणि १७०७ मध्ये अहमदनगरास आलमगिराचा देह पडला.

या भागातील पुष्कळ जुन्या घराण्यांत या इतिहासाची साधने होऊ शकतील असे मोडी व कन्नड कागदांचे रुमाल अद्याप माळ्यावर पडून आहेत. ज्यांच्या घरी असे दप्तर असेल, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेस किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास दाखवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.