चवदार तळें आणि मनाईहुकूम

महाडच्या चवदार तळ्याचें नांव निघालें म्हणजे २० मार्च १९२७ हा दिवस सर्वांस आठवतो. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याच गांवीं जें घडलें, किंबहुना जें घडूं दिलें नाहीं, त्याकडे तितकेंसें लक्ष जात नाहीं. अन्याय्य नियमाचा शांततेनें प्रतिकार केल्यास कायद्याची बूज वाढते कीं घटते, हा प्रश्न प्रत्येक स्वतंत्र समाजापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतो. त्याचा उलगडा करण्यास हें डिसेंबरचें प्रकरण फार उपयोगी आहे. सबब येथें मुख्यत्वें त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहूं. रावबहादुर सी. के. बोले यांनीं मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर केला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या अगर चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादि ठिकाणीं अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मज्जाव असूं नये, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें सर्वांस खुलें केलें. पुढें तीन वर्षें लोटलीं, तरी व्यवहारांत कांहींच पालटलें नाहीं. कागदावर वाट मोकळी होती. जागेवर रूढीचा पहारा कायम होता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील बहिष्कृतांची परिषद महाडास भरली, आणि दुसऱ्या दिवशीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्यासह प्रतिनिधि मिरवणुकीनें तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर गांवांतील कांहीं जमावानें त्यांच्यावर हल्ला केला, अनेकांचीं डोकीं फोडलीं, व मागाहून पंचगव्यानें तळ्याची शुद्धि करण्यांत आली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. मार्चच्या या कृत्यास आपण सत्याग्रह म्हणतों. परंतु त्यांत कोणत्याहि कायद्याचा भंग झाला नव्हता. पाणी पिणारांनीं नगरपालिकेचा ठराव पाळला. काठ्या उगारणारांनीं कायदा मोडला. जो हक्क ठरावानें दिला तो बजावणें हाच प्रतिकार ठरला, यावरून रूढीपुढें त्या काळच्या कायद्याचें बळ किती तोकडें होतें हें दिसून येतें.

डिसेंबरांत मात्र पारडें फिरलें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. २५ डिसेंबरपासून पुन्हां सत्याग्रह करण्याचें जाहीर होतांच विरोधकांनीं १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला, आणि १४ डिसेंबरला डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांना तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई झाली. आतां तळ्यावर जाणें म्हणजे न्यायालयाचा हुकूम मोडणें होतें. परिषदेसाठीं जागा मिळेना, तेव्हां एका मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. हजारों लोक जमले. सत्याग्रहासाठीं नांवें नोंदविणारांची संख्या चार हजारांच्या घरांत गेली. तुरुंगांत जाण्याची त्यांची तयारी होती.

२५ डिसेंबरच्या रात्रीं परिषदेनें मनुस्मृतीचें दहन केलें. परंतु त्याच परिषदेनें पुढें बराच खल होऊन, डॉ. आंबेडकरांच्या सल्ल्यानें, दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब केला. मंडळी तळ्याभोंवतीं मिरवणूक काढून परतली; पाण्यास कोणी हात लावला नाहीं. हीं दोन कृत्यें परस्परविरोधी भासतील, परंतु तशीं तीं नाहींत. ज्या धर्मशास्त्रापुढें अस्पृश्यास दाद मागण्यास जागाच नव्हती तें त्यांनीं अग्नीच्या स्वाधीन केलें. ज्या न्यायालयांत निदान आपली बाजू मांडतां येत होती त्याचा हुकूम, तो प्रतिकूल असतांहि, त्यांनीं मानला.

या संयमाचें मोल थोडें नव्हतें. मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं उठला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. ३० जानेवारी १९३३ रोजीं वादींचें अपील फेटाळलें गेलें. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें, वादींनीं सांगितलेली अनादि रूढि सिद्ध होत नाहीं, असें ठरवून प्रकरण संपविलें. हा निवाडा देणारे न्या. ब्रूमफील्ड हेच १९२२ च्या मार्चांत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश होत. एका तळ्याच्या पाण्यासाठीं कोर्टाची पायरी नऊ वर्षांहून अधिक काळ झिजवावी लागली. कायद्याचा मार्ग श्रेष्ठ म्हणणारानें हा हिशेबहि मांडला पाहिजे.

याच्या जोडीला अमेरिकेंतील बर्मिंगहॅमचें उदाहरण ठेवून पाहण्यासारखें आहे. महाड परकी सत्तेखालीं होतें. बर्मिंगहॅम लोकसत्ताक राष्ट्रांतील शहर होतें. वर्णभेदाविरुद्ध तेथें निघणाऱ्या मोर्च्यांस १९६३ च्या एप्रिलांत राज्याच्या न्यायालयानें मनाई केली. मार्टिन ल्यूथर किंग यांनीं ती मानली नाहीं. १२ एप्रिलला मोर्चा काढून ते तुरुंगांत गेले. पुढील वर्षीं जुलैंत नागरी हक्कांचा कायदा झाला, व त्यामागें या चळवळीचें बळ होतें. तथापि मनाई मोडल्याबद्दलची शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६७ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं कायम केली. हुकूम चुकीचा असला तरी आधीं न्यायालयांतच दाद मागावयास हवी होती, असा त्याचा मथितार्थ होता. किंग यांनीं ती शिक्षा भोगली. ज्या नियमाखालीं मोर्च्यांस परवाना नाकारला जात असे, त्याच्याखालीं दिलेली शिक्षा त्याच न्यायालयानें १९६९ मध्यें घटनाबाह्य ठरविली.

महाडास हुकूम पाळला गेला, बर्मिंगहॅमास मोडला गेला. पण उभय ठिकाणीं कृत्य उघड्यावर झालें, हात उगारला गेला नाहीं, आणि परिणाम चुकविण्याचा यत्न झाला नाहीं. चोरटा कायदेभंग कायद्याला पोखरतो; असा उघडा प्रतिकार त्याची परीक्षा घेतो, आणि नियम कोणाच्या पाठीवर उभा आहे हें बाकीच्या समाजास पाहावयास लावतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीपुढें डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह व कायदेभंग हे मार्ग यापुढें सोडून द्यावे असें बजाविलें. त्यांत त्यांनीं आपल्या पूर्वायुष्यावर पाणी सोडलें, असा आक्षेप घेतला जातो. डिसेंबर १९२७ चें प्रकरण पाहिल्यास तो टिकत नाहीं. जेथें दाद मागण्याचा मार्ग आहे तेथें आधीं तो चोखाळावा, हा विचार त्यांनीं महाडासच आचरून दाखविला होता. मात्र त्यांच्या सांगण्यास एक अट आहे: घटनात्मक मार्ग खरोखर मोकळा असला पाहिजे. १९२४ च्या ठरावासारखा तो नुसता कागदावर मोकळा असेल, तर त्यावर चालून दाखविणारीं माणसें पुन्हां लागतील, आणि त्यांना कायद्याचे वैरी म्हणणें अनुचित होईल.

भारताच्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत, सरकारी पैशानें राखलेल्या जागांच्या वापरास जातीच्या कारणावरून कोणास आडकाठी करतां येणार नाहीं, असें म्हटलें आहे. त्या जागांच्या यादींत विहिरींच्या लगत तळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो वाचतांना १९२७ च्या डिसेंबरांत चवदार तळ्याच्या कांठावरून पाण्यास स्पर्श न करतां परतलेल्या लोकांची आठवण ठेवणें उचित होईल.