हापूस एकदा शोधला, मग तो पाठ का सोडत नाही? सर्च आणि सोशल मीडियावरच्या जाहिरातींचं गणित

एप्रिल महिना आहे. पुण्यातल्या एका घरात कुणीतरी फोनवर टाइप करतं, 'रत्नागिरी हापूस घरपोच पुणे'. दोन-तीन वेबसाइट उघडून पेटीचा भाव बघितला जातो आणि 'अजून थोडा उतरू दे' म्हणत फोन बाजूला ठेवला जातो.

संध्याकाळी इन्स्टाग्राम उघडलं की चार पोस्टनंतर आंब्याची पेटी दिसते. फेसबुकवरही तीच. यूट्यूबवर भाजीची रेसिपी लावली, तर त्याआधीही आंबाच.

हा अनुभव तुम्हालाही आला असेल. आंब्याच्या जागी मिक्सर असेल, बूट असतील किंवा विमानाचं तिकीट. पण आंब्याच्या बाबतीत एक जास्तीचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये 'हापूस'ला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. त्यानुसार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच हे नाव लावता येतं. मग स्क्रीनवर सगळ्यात वर दिसणारा हापूस हा खरंच हापूस आहे, असं समजायचं का?

याचं उत्तर हवं असेल, तर आधी ती जागा त्याला मिळाली कशी, हे बघावं लागेल.

सर्च आणि सोशल मीडियात फरक काय?

सर्च इंजिनवर येणारा माणूस दुकानाच्या दारात येऊन 'हापूस आहे का?' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकासारखा असतो. त्याला काय हवंय, हे तो स्वतःच सांगतो. त्याची गरज ओळखायला वेगळी माहिती फारशी लागत नाही.

सोशल मीडियावरचा माणूस मात्र जत्रेत फिरायला आलेला असतो. त्याला मित्राचे फोटो बघायचे असतात, रील्स बघायच्या असतात. त्याने काही मागितलेलं नसतं. तिथे विक्रेत्याला त्याला थांबवावं लागतं आणि कुणाला हाक मारली तर तो थांबेल, याचा अंदाज प्लॅटफॉर्म बांधतो.

म्हणून गूगलवर जाहिरातदार प्रामुख्याने शब्द निवडतो, तर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तो माणसं निवडतो. म्हणजे वय, शहर, आवडीनिवडी वगैरे. आता दोन्हीकडे बरीचशी निवड यंत्रणा आपोआप करते, पण मूळ फरक हाच आहे.

गूगलवर पहिला नंबर कुणाला मिळतो?

गूगलच्या पानावर दोन प्रकारचे निकाल असतात. एक फुकटचे, ज्यांना 'ऑरगॅनिक' म्हणतात. दुसरे पैसे देऊन आलेले, ज्यांच्यावर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

ऑरगॅनिक निकालांचा क्रम पैसे देऊन विकत घेता येत नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मुख्य कल्पना 'पेजरँक' ही होती. एखाद्या पानाला किती आणि कोणत्या पानांनी लिंक दिली आहे, यावरून त्याचं वजन ठरायचं. आज यात शेकडो गोष्टी मोजल्या जातात. मजकूर उपयोगाचा आहे का, पान मोबाइलवर नीट उघडतं का, विक्रेता तुमच्या जवळपास आहे का, वगैरे.

या क्रमात वर येण्यासाठी केलेल्या खटपटीला 'एसईओ' म्हणतात. त्यात चांगलं काम असतं, तशा पळवाटाही असतात. पूर्वी अनेक जण एकच शब्द पानभर कोंबायचे किंवा पैसे देऊन लिंका मिळवायचे. गूगलने २०११ मध्ये 'पांडा' आणि २०१२ मध्ये 'पेंग्विन' हे बदल आणून अशा साइट्सना खाली ढकललं.

प्रायोजित जागेचा लिलाव

तुम्ही सर्चचं बटण दाबता आणि निकाल दिसतात, त्या क्षणभरात तिथे एक लिलाव होऊन गेलेला असतो. पण यात जास्त बोली लावणारा जिंकेलच असं नाही.

सोप्या आकड्यांत बघू. समजा 'हापूस घरपोच' या शब्दांसाठी दोन विक्रेते आहेत. पहिला एका क्लिकला २० रुपये द्यायला तयार आहे, पण त्याची जाहिरात आणि वेबसाइट सुमार आहे. तिला १० पैकी ४ गुण. दुसरा १२ रुपयेच देतो, पण त्याच्या पानावर भाव, पोहोचवण्याचा दिवस, सगळं स्पष्ट आहे. त्याला ८ गुण. बोली आणि गुणांचा गुणाकार केला तर पहिल्याचे ८० आणि दुसऱ्याचे ९६ होतात. वरची जागा दुसऱ्याला मिळते. शिवाय त्याला पूर्ण १२ रुपये द्यावे लागत नाहीत. पहिल्याच्या वर राहायला जेवढे पुरतील तेवढेच, म्हणजे १० रुपयांच्या थोडे वर.

प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, पण तत्त्व हेच. सर्चवरच्या जाहिरातीचे पैसे साधारणपणे कुणी क्लिक केलं तरच लागतात, त्यामुळे कुणी क्लिकच करणार नाही अशी जाहिरात वर ठेवण्यात गूगललाही फायदा नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे या. या लिलावात पैसे मोजले गेले, क्लिकची शक्यता मोजली गेली, वेबसाइट मोजली गेली. पेटीतला आंबा कुठल्या बागेतला आहे, हे मात्र कुणीही तपासलं नाही.

गंमत म्हणजे हा धोका पेज आणि ब्रिन यांना आधीच दिसला होता. १९९८ मधल्या त्यांच्या शोधनिबंधात त्यांनी म्हटलं होतं की, जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन मुळातच जाहिरातदारांच्या बाजूला आणि ग्राहकांच्या गरजांपासून दूर झुकेल. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, गूगलने 'ॲडवर्ड्स' ही जाहिरात सेवा सुरू केली. आज तिचं नाव 'गूगल ॲड्स' आहे. २०२४ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीचं, म्हणजे अल्फाबेटचं उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होतं. त्यातले सुमारे २६५ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले.

मग आंबा इन्स्टाग्रामवर कसा पोहोचला?

तुम्ही आंब्याची वेबसाइट उघडली, तेव्हा त्या पानात एक छोटा अदृश्य कोड असण्याची शक्यता मोठी आहे. मेटाच्या अशा कोडला 'पिक्सेल' म्हणतात. गूगलचेही असे टॅग असतात. तुम्ही कुठलं पान बघितलं, पेटी कार्टमध्ये टाकली का, पैसे न भरता निघून गेलात का, हे तो कोड मेटाला कळवतो. मेटा त्याची सांगड तुमच्या खात्याशी घालतं. मग विक्रेता सांगतो, 'जे बघून गेले पण घेतलं नाही, त्यांना पुन्हा जाहिरात दाखवा.' याला 'रीटार्गेटिंग' म्हणतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे 'लुकअलाइक'. विक्रेता आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी देतो आणि मेटा त्यांच्यासारखं वागणारी नवीन माणसं शोधतं. म्हणून कधी कधी तुम्ही काहीच शोधलेलं नसतं, तरी नेमकी हवी ती वस्तू समोर येते.

फोन आपलं बोलणं ऐकतो का?

'आम्ही घरात नुसतं बोललो आणि जाहिरात आली!' हे प्रत्येकाने एकदा तरी ऐकलंय. जाहिरातींसाठी मायक्रोफोन वापरत नाही, असं फेसबुकने २०१६ मध्येच जाहीर केलं होतं. कंपनीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा भाग वेगळा. पण ऐकण्याची गरज पडत नाही एवढी माहिती आपण न बोलताच देत असतो. लोकेशन, सर्च, उघडलेल्या वेबसाइट, एकाच वायफायवर असलेल्या घरच्यांचे फोन, एखाद्या रीलवर रेंगाळलेलं बोट. घरात आंब्याचा विषय निघाला तो एप्रिलमध्येच ना? तो अंदाज कुणीही बांधेल. शिवाय न जुळलेल्या शंभर जाहिराती आपण विसरतो आणि जुळलेली एक लक्षात ठेवतो.

विक्रेत्यासाठी ही भाड्याची जागा

लहान विक्रेत्याला यातून खरंच मोठी संधी मिळाली. देवगडच्या बागायतदाराला पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत दलालाशिवाय पोहोचता येतं. दिवसाला काहीशे रुपयांतही जाहिरात सुरू करता येते. वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीत हे शक्य नव्हतं.

पण नियम दुसऱ्याच्या हातात असतात. फेसबुक पेजवर हजारो फॉलोअर जमवलेल्या अनेकांना हे जानेवारी २०१८ मध्ये कळलं. त्या महिन्यात मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की, फीडमध्ये मित्र आणि घरच्यांच्या पोस्टला प्राधान्य मिळेल आणि व्यवसायांच्या, ब्रँडच्या आणि माध्यमांच्या पोस्ट कमी दिसतील. आपल्याच फॉलोअरपर्यंत पोहोचायला पैसे मोजायची वेळ आली.

असाच धक्का मोठ्यांनाही बसतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर एक साधा प्रश्न आणला: या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का? असंख्य लोकांनी 'नाही' म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितलं की, या बदलामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. पण मेटा असा फटका पचवू शकतं. दोन महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या बागायतदाराला तो जड जातो.

आता सर्चवर एआयने तयार केलेलं उत्तर सगळ्यात वर येतं. भारतात 'एआय ओव्हरव्ह्यूज' २०२४ मध्ये आलं. उत्तर तिथेच मिळालं की खालच्या वेबसाइटवर क्लिक करायचं कारण उरत नाही. म्हणूनच अनुभवी विक्रेते गिऱ्हाइकाचा फोन नंबर, व्हॉट्सॲप यादी आणि स्वतःची वेबसाइट जपतात.

ओळखीचा चेहरा सांगतो तेव्हा

सगळ्या जाहिराती जाहिरातीसारख्या दिसत नाहीत. आवडता इन्फ्लुएन्सर पेटी उघडून 'काय सुगंध आहे!' म्हणतो, तेव्हा त्याला पैसे मिळालेत का, हे कळायला हवं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये याचे नियम आणले. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार पैसे, फुकट वस्तू किंवा सहल मिळाली असेल, तर ते ठळकपणे सांगावं लागतं. व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. म्हणजे मराठी रीलमध्ये शेवटी इंग्रजी हॅशटॅगांच्या ढिगात ते लपवणं नियमात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्लॅटफॉर्मवरही कारवाई झाली आहे. सर्चमध्ये आपल्याच सेवांना झुकतं माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्चच्या बाजारात गूगलने बेकायदेशीरपणे मक्तेदारी टिकवली, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला.

तुम्ही काय करू शकता?

- 'प्रायोजित' शब्द शोधा. तो दिसला की समजा, ही जागा पैसे देऊन मिळाली आहे. मालाच्या दर्जाशी तिचा संबंध नाही.
- जाहिरातदार तपासा. मेटाची 'ॲड लायब्ररी' आणि गूगलचं 'ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर' सगळ्यांसाठी खुलं आहे. कोण जाहिरात देतंय आणि आणखी कोणत्या देतंय, हे तिथे दिसतं. आज साड्या, उद्या आंबे, परवा फोन असं दिसलं तर सावध व्हा.
- जाहिरातीवरचे तीन टिंब दाबा. 'ही जाहिरात मला का दिसते?' याचं उत्तर तिथे मिळतं आणि ती बंदही करता येते. गूगलवर 'माय ॲड सेंटर'मधून पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करता येतात. जाहिराती येतच राहतील, पण तुमच्या मागे लागणार नाहीत.
- हापूस घेताना जीआय विचारा. बागायतदार जीआयचे नोंदणीकृत वापरकर्ते असतील, तर त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक असतो. पूर्ण पत्ता आणि पक्कं बिल मागा. शक्य असेल तर माल मिळाल्यावर पैसे द्या.
- फसवणूक झाली तर थांबू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. वस्तू किंवा सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि एक शेवटची गोष्ट. पुढच्या वेळी हापूस शोधाल, तेव्हा पहिल्या निकालावर न थांबता थोडं खाली जा. जाहिरातीसाठी पैसे नसलेला एखादा खरा बागायतदार तिथेही असू शकतो.