पेन्शन आणि एका तारखेची गोष्ट

आजचा विषय आहे पेन्शन. थांबा, लगेच स्किप करू नका. ही गोष्ट माझ्या घरातली आहे.

माझे बाबा आणि काका एकाच सरकारी खात्यात. बाबा १९९४ला लागले, काका २००६ला. काम तेच, साहेबही तेच. पण बाबांची पेन्शन पक्की, काकांची नाही. लहानपणी मला वाटायचं, काकांचंच काहीतरी चुकलं असेल. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मध्ये एक तारीख आडवी आली होती.

अशी तारीख याआधीही एकदा आडवी आली होती, बरं का. १९७९ साली केंद्र सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं. पूर्वी शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे, आता १० महिन्यांची. शेवटचा पगार जास्त, म्हणून पेन्शनही जास्त. पण हा फायदा ३१ मार्च १९७९ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. एक दिवस आधी निवृत्त झालात, तर जुनाच हिशेब!

संरक्षण खात्याचे आर्थिक सल्लागार डी. एस. नकारा १९७२लाच निवृत्त झाले होते. ते सुप्रीम कोर्टात गेले. १७ डिसेंबर १९८२ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले यशवंत चंद्रचूड, आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाईंनी. कोर्टाचं म्हणणं असं: पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. एकाच योजनेतल्या पेन्शनरांमध्ये नुसत्या निवृत्तीच्या तारखेवरून भेद करता येणार नाही. म्हणूनच १७ डिसेंबर हा 'पेन्शनर्स डे' म्हणून पाळतात.

मग काकांचं काय? त्यांच्या वेळी प्रश्न निवृत्तीच्या तारखेचा नव्हता, नोकरीला लागण्याच्या तारखेचा होता. केंद्राने १ जानेवारी २००४पासून, आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी योजनाच बदलली. जुन्या योजनेत किमान १० वर्षं सेवा झाली की ठरलेल्या सूत्राने पेन्शन. नव्या योजनेत पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि पैसे बाजारात गुंतवायचे. शेवटी किती मिळेल, ते बाजारावर. योजनाच वेगळी, त्यामुळे नकारांचा निकाल काकांच्या थेट कामाला येईना.

मार्च २०२३मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तुम्हीही ऐकली असेल. पुढे २०२४च्या सुरुवातीला राज्य सरकारने एक दार उघडलं. भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५च्या आधीची आणि रुजू व्हायला उशीर झाला, अशांना एकदाच जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला.

त्या रात्री काकांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तळाशी पिवळं पडलेलं कात्रण होतं. जाहिरात, जुलै २००५. काका काहीच बोलले नाहीत, नुसतं कात्रण बाबांच्या हातात दिलं. मुदतीत अर्ज गेला.

तुमच्यापैकी बरेच जण सरकारी भरतीची तयारी करताय. एवढंच सांगतो: जाहिरातीची पीडीएफ आणि नेमणुकीचं पत्र दोन्ही जपून ठेवा. किती वर्षं राबलात याला किंमत आहेच, पण कुठल्या तारखेला आत आलात, हेही सरकार विचारतं.

भेटू पुढच्या भागात!