पर्ल भाषेचें भांडार आणि त्याचे राखणदार

छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथ टिकत ते नकला करणारांच्या चिकाटीमुळें. एका मठांतील पोथीला वाळवी लागली तरी दुसऱ्या गांवीं कोणाच्या तरी घरीं तिची प्रत असे, आणि ग्रंथ वांचे. परंतु नकलांबरोबर चुकाही वाढत. एखादी ओंवी गळे, एखादा शब्द बदले, आणि कोणती प्रत खरी हें सांगणें कठीण होई. एकनाथ महाराजांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच अडचणीमुळें. प्रती पुष्कळ असाव्या आणि त्या सर्व एकसारख्या असाव्या, या दोन गरजांचा मेळ घालणें सोपें नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न एका अगदीं निराळ्या मंडळीपुढें उभा राहिला. ही मंडळी म्हणजे पर्ल नांवाच्या संगणक-भाषेंत लिहिणारे लोक होत.

संगणकाची भाषा म्हणजे यंत्राला कामाच्या आज्ञा सांगण्याची एक ठरलेली लेखनपद्धति. पर्ल ही भाषा लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनीं रचिली व १९८७ सालच्या डिसेंबरांत लोकांपुढें ठेविली. वॉल यांचें शिक्षण भाषाशास्त्राचें. लिपि नसलेल्या एखाद्या जमातीची भाषा शिकून ती लेखनांत आणावी, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा एके काळीं बेत होता. तो तडीस गेला नाहीं. विस्कळित मजकुरांतून हवी ती माहिती निवडावयाची आणि तिचा अहवाल तयार करावयाचा, या कंटाळवाण्या कामासाठीं त्यांनीं ही नवी भाषा तयार केली. ती कोणासही घेतां यावी, सुधारतां यावी व पुढें दुसऱ्यास देतां यावी, अशी मोकळीक त्यांनीं लवकरच दिली. १९९४ च्या ऑक्टोबरांत या भाषेची पांचवी आवृत्ति निघाली, आणि तिच्यांत मॉड्यूलांची सोय आली. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्यास तयार वापरतां येईल असा आज्ञावलीचा सुटा भाग. सुताराला दार करावयाचें असलें तर तो बिजागरी स्वतः ओतीत बसत नाहीं. ती बाजारांतून आणतो. तसाच हा प्रकार. तारखांचा हिशेब करणारें मॉड्यूल एकानें एकदां लिहिलें म्हणजे इतर हजारांची तीच मेहनत वांचते.

परंतु बिजागरी मिळण्यास बाजार पाहिजे, आणि पर्लला तो नव्हता. लोकांनीं लिहिलेलें उपयुक्त काम जगभर पांगलेलें होतें. कांहीं एका विद्यापीठाच्या संगणकावर, कांहीं दुसऱ्या, तर कांहीं एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कप्प्यांत पडून असे. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला, कीं त्याचा कप्पा बंद होई आणि त्याचें काम नाहींसें होई. नोकरी बदलणाऱ्या मनुष्याचीही तीच गत. शिवाय एकाच आज्ञावलीच्या तीन ठिकाणीं तीन निरनिराळ्या आवृत्त्या सांपडत, आणि त्यांतील ताजी कोणती याचा थांग लागत नसे. देशादेशांना जोडणाऱ्या तारा त्या काळीं अरुंद व महाग होत्या. युरोपांतील माणसाला अमेरिकेंतून एखादी मोठी फाइल आणावयाची तर पुष्कळ वेळ तिष्ठावें लागे, आणि मध्येंच संबंध तुटला तर पुनः पहिल्यापासून आरंभ.

या अडचणीला एक जुनें उत्तर शेजारच्या मंडळींनीं शोधिलें होतें. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनल्ड क्नुथ यांनीं पुस्तकांची सुबक जुळणी करण्यासाठीं टेक् नांवाची भाषा १९७८ मध्यें प्रसिद्ध केली होती. तिच्या उपासकांची संस्था १९८० सालीं निघाली. या संस्थेंतील कांहीं स्वयंसेवकांनीं १९९२ पासून खटपट करून टेक् संबंधींचें सर्व साहित्य एका शिस्तींत गोळा केलें. जॉर्ज ग्रीनवेड, सेबॅस्टियन रात्झ आणि रायनर शोप्फ हे त्यांतील प्रमुख. १९९३ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठांत भरलेल्या परिषदेंत या संग्रहाची घोषणा झाली. त्याला सीटॅन हें नांव पडलें. त्याचीं ठाणीं तीन होतीं: जर्मनींत एक, इंग्लंडांत एक आणि अमेरिकेंत टेक्सास प्रांतांत एक. एकाचें साहित्य तेंच दुसऱ्याचें, अशी व्यवस्था. पुढें इंग्लंडांतील व अमेरिकेंतील ठाणीं आपल्या मूळ जागेवरून हाललीं, पण संग्रहांतील कांहीं गेलें नाहीं. या संग्रहाचें आपल्यावरही थोडें ऋण आहे. हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठांत फ्रान्स वेल्थुइस यांनीं १९९१ मध्यें टेक् साठीं देवनागरी अक्षरें तयार केलीं. तीं या संग्रहांत जपून ठेवलेलीं आहेत, आणि त्यांच्या साह्यानें मराठी, हिंदी व संस्कृत मजकुराची जुळणी करतां येते.

पर्लच्या मंडळींनीं हाच कित्ता पुढें ठेविला. १९९३ पासून त्यांच्यांत संग्रहाचा विचार चालला होता. यार्को हिएतानिएमी या फिनलंडच्या तरुणानें ठिकठिकाणचे जुने संग्रह धुंडाळून त्यांतील साहित्य एकत्र करण्याचें काम अंगावर घेतलें. टिम बन्स यांनीं कोणीं कोणतें मॉड्यूल लिहिलें याची यादी राखिली. जर्मनीचे आंद्रेआस क्योनिग यांनीं लेखकांकडून येणारें काम स्वीकारण्याची व्यवस्था बसविली. फिनलंडच्या विद्यापीठांचें फुनेट नांवाचें जाळें आहे. त्याच्या संगणकावर या संग्रहाला जागा मिळाली. याच संगणकावर १९९१ सालीं लिनक्सची पहिली प्रत ठेवली गेली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या जागेचें औदार्य ध्यानांत येईल. १९९५ च्या ऑक्टोबरांत नवा संग्रह सर्वांस खुला झाला. टेक् मंडळींच्या नांवांतील एक अक्षर बदलून त्याचें नांव सीपॅन असें ठेवण्यांत आलें. सर्वसमावेशक पर्ल-संग्रहांचें जाळें, असा त्याचा अर्थ होतो.

जाळें हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. मूळ भांडार फिनलंडांत असलें तरी त्याची हुबेहूब प्रत कोणासही आपल्या यंत्रावर ठेवतां येई. अशा प्रतीला इंग्रजींत मिरर, म्हणजे आरसा, म्हणतात. विद्यापीठें, संगणक-जाळ्याची सेवा पुरविणाऱ्या कंपन्या आणि हौशी गृहस्थ यांनीं असे आरसे मांडले. कालांतरानें त्यांची संख्या २०० च्या वर गेली. कोणास वेतन नव्हतें. आपल्या यंत्रांतील जागा आणि आपल्या तारेचा खर्च प्रत्येकानें स्वतः सोसावयाचा, आणि त्याच्या बदल्यांत जवळपासच्या लोकांना संग्रह लवकर मिळावयाचा, एवढाच हा व्यवहार. दूरच्या देशांतील माणसाला महासागर ओलांडून जाण्याचें कारण उरलें नाहीं. एखादें यंत्र बंद पडलें तर शेजारच्या यंत्राकडे वळावें, कीं काम झालें.

आतां प्रती इतक्या झाल्यावर त्या एकसारख्या कशा राहाव्या? यासाठीं कांहीं नियम घालण्यांत आले, आणि या भांडाराचा खरा पाया तेच नियम होत. नवें काम एकाच दारानें आंत यावयाचें. हें दार म्हणजे क्योनिग यांनीं बसविलेली स्वीकार-व्यवस्था. प्रत्येक लेखकाला एक संक्षिप्त नांव आणि त्या नांवाच्या आद्याक्षरांप्रमाणें लावलेला एक कप्पा मिळतो. एकदां एका नांवाची फाइल आंत आली, कीं त्याच नांवाखालीं दुसरा मजकूर पुनः घालतां येत नाहीं. दुरुस्ती करावयाची असेल तर नवा अनुक्रमांक देऊन नवी आवृत्ति पाठवावी लागते. यामुळें कालची वस्तु आज गुपचुप बदलली असें होत नाहीं. शिवाय प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून गणितानें काढलेली एक खूण-संख्या तिच्या शेजारीं नोंदलेली असते. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी ही संख्या जुळत नाहीं. पोथीच्या नकलाकाराला शब्दाशब्दाची पडताळणी करावी लागे. येथें ती पडताळणी यंत्र क्षणांत करून देतें.

आरसे ताजे ठेवण्याच्या कामींही एका दुसऱ्या स्वयंस्फूर्त कामाचें साह्य झालें. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं १९९६ मध्यें आरसिंक नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. दोन ठिकाणच्या प्रती ताडून जेवढा भाग निराळा असेल तेवढाच तारेवरून पाठवावा, अशी तिची युक्ति आहे. त्यामुळें प्रत्येक वेळीं सगळें भांडार वाहून नेण्याचें कारण उरलें नाहीं, आणि साध्या तारेवरही आरसा राखणें शक्य झालें.

भांडार वाढत गेलें तसतशी त्याच्याभोंवतीं इतर कामें करणारी मंडळी जमली. १९९८ पासून स्वयंसेवकांचा एक गट आलेल्या प्रत्येक कामाची निरनिराळ्या यंत्रांवर परीक्षा करूं लागला आणि ती उतरली कीं फसली हें लेखकास कळवूं लागला. ग्रॅहम बार यांनीं शोध घेण्यासाठीं एक संकेतस्थळ उभारिलें, आणि तें इतकें रुळलें कीं पुष्कळांना भांडार म्हणजे तेंच वाटे. २०१८ सालीं तें बंद झालें. पण तोंवर दुसऱ्या स्वयंसेवकांनीं मेटासीपॅन नांवाचें शोध-स्थळ चालतें केलें होतें. जुन्या पत्त्यांवर येणारांस तिकडे वळविण्यांत आलें. मूळ साहित्य कोणा एकाच्या ताब्यांत नसल्यामुळें दार बदललें तरी घर शाबूत राहिलें.

या व्यवस्थेला कस लावणारा प्रश्न मालकीचा आहे. ज्यानें मॉड्यूल लिहिलें त्यानें तें परत मागितलें तर? सीपॅनमध्यें लेखकास आपलें काम काढून घेण्याचा अधिकार आहे. परंतु काढलेलें सर्व कांहीं बॅकपॅन नांवाच्या वेगळ्या संग्रहांत जतन होतें, आणि गरजूला तें तेथें सांपडतें. ही तरतूद किती मोलाची आहे हें २०१६ च्या मार्च महिन्यांत दुसऱ्याच एका भाषेच्या लोकांना कळलें. जावास्क्रिप्ट भाषेचें एन्‌पीएम हें भांडार एका कंपनीच्या हातीं होतें. तेथें एका नांवावरून तंटा झाला, आणि एका लेखकानें रागानें आपलीं सर्व कामें काढून घेतलीं. त्यांत लेफ्टपॅड नांवाचें अवघ्या ११ ओळींचें एक काम होतें. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरणें, एवढेंच तें करी. परंतु असंख्य मोठीं कामें त्या ११ ओळींवर उभीं होतीं. तीं एकाएकीं अडलीं, आणि अखेर कंपनीला तें काम परत जागेवर ठेवावें लागलें. त्यानंतर तेथील काढून घेण्याचे नियम कडक झाले.

सीपॅनमध्यें सर्व गुणच आहेत असें मात्र नव्हे. आंत येणारें काम कोणी आधीं वाचून पसंत करीत नाहीं. म्हणून उत्कृष्ट कामाच्या शेजारीं अर्धवट कामही पडलेलें असतें. लेखक कंटाळतात, दुसऱ्या धंद्यांत शिरतात, कांहीं मृत्यु पावतात. त्यांच्या मॉड्यूलांवर इतरांचा व्यवहार चाललेला असतो आणि दुरुस्तीला कोणी नसतें. यावर एक मार्ग काढलेला आहे. अशीं कामें “मला दत्तक घ्या” अशा अर्थाच्या एका नांवाखालीं नोंदविलीं जातात. जबाबदारी घेण्यास जो पुढें येईल त्याला तीं सोंपवितां येतात. निपुत्रिक घराण्याचा वंश दत्तकानें चालावा, तसा येथें अनेक मॉड्यूलांचा वंश चाललेला आहे.

या भांडारांत आज २,००,००० हून अधिक मॉड्यूलें असून तीं लिहिणारांची संख्या १४,००० च्या वर आहे. त्याचा कित्ता इतरांनींही गिरविला. संख्याशास्त्राच्या आर भाषेसाठीं १९९७ मध्यें व्हिएन्ना येथें निघालेल्या संग्रहाला क्रॅन हें नांव मिळालें तें याच घराण्याचें, आणि त्याचेही आरसे अनेक देशांत आहेत. खुद्द पर्लचा मात्र तो जुना बोलबाला आतां राहिलेला नाहीं. नवे लिहिणारे बहुतांशीं दुसऱ्या भाषांकडे वळतात. तारा रुंद व स्वस्त झाल्या, आणि जगभर ठाणीं असलेल्या व्यापारी वितरण-जाळ्यांमार्फत सीपॅनचें साहित्य आतां क्षणांत पोंचतें. जवळचा आरसा शोधण्याची पूर्वींची निकड त्यामुळें सरली आहे.

निकड सरली म्हणून आरशांचें काम संपलें, असें मात्र समजूं नये. त्यांची गरज दोन प्रकारची होती. वस्तु लवकर मिळावी ही एक, आणि ती नष्ट होऊं नये ही दुसरी. पहिली गरज पैसे घेणारी वा उदार असलेली एखादी कंपनी उत्तम भागवूं शकते. दुसरी गरज तशी भागत नाहीं, कारण कंपनीचें धोरण बदलतें, मालक बदलतात, आणि कधीं कंपनीच मिटते. पोथ्या वांचल्या त्या कोणा एका धनिकाच्या ग्रंथालयामुळें नव्हे, तर त्या गांवोगांवीं उतरून घेतल्या गेल्यामुळें. पर्लचें भांडारही तीस वर्षें टिकलें तें अशाच विखुरलेल्या राखणदारांमुळें, आणि सर्वांनीं पाळलेल्या थोड्या, रुक्ष, पण पक्क्या नियमांमुळें. पुढील तीस वर्षें तें टिकावें असें वाटत असेल, तर जवळचा आरसा नको झाला तरी दूरचे कांहीं आरसे पुसून स्वच्छ ठेवणारे लोक लागतीलच.