एका भोकाचा इतिहास

स्मिथ अँड वेसन या जुन्या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाला, काडतुसांचे चक्र उघडण्याच्या खटक्याच्या किंचित वर, एक बारीक भोक असते. साधारणपणे २००१ पासून पुढच्या दोन दशकांत घडवलेल्या बहुतेक नमुन्यांवर ते आढळते. त्यात लहानशी किल्ली घालून फिरवली की आतली यंत्रणा जखडली जाते. मग चाप कितीही ओढला तरी गोळी सुटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीने लिप्सीज या घाऊक विक्रेत्याच्या सहकार्याने 'अल्टिमेट कॅरी' या नावाने खिशात मावणारी, अंगावर लपवून बाळगण्याजोगी रिव्हॉल्व्हरे बाजारात आणली. अमेरिकेतील शस्त्रशौकिनांनी त्यांचे भरभरून स्वागत केले. नेम धरण्याची सोय सुधारली म्हणून केले, मूठ हातात नीट बसते म्हणून केले, चाप हलका झाला म्हणून केले. मात्र या स्तुतीत एक वाक्य हटकून येत होते, आणि ते नसलेल्या गोष्टीविषयी होते : या रिव्हॉल्व्हरला ते भोक नाही.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. शस्त्रांविषयी अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु एखाद्या कृतीचे स्वागत कसे होते, वाचक तिच्यात काय पाहतो आणि काय पाहायचे टाळतो, हा आमच्या नित्याच्या अभ्यासाचा विषय आहे. रिव्हॉल्व्हर ही कलाकृती नव्हे. तरीही तिचे रसिक आहेत, त्यांची परंपरा आहे, संकेत आहेत, वाद आहेत. त्या वादांतून एका समाजाचे भय आणि अविश्वास यांचा इतिहास वाचता येईल, असे आम्हांस वाटते.

प्रथम या रसिकतेचे व्याकरण समजून घेतले पाहिजे. लपवून बाळगायचे शस्त्र लहान आणि हलके हवे. पण शस्त्र जितके हलके, तितका गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का अधिक. याच कंपनीने २००१ च्या सुमारास स्कँडियममिश्रित धातूचे, जेमतेम ३४० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले आणि त्यातून जबर ताकदीचे .३५७ मॅग्नम काडतूस उडवण्याची सोय केली. ते खिशात घालून दिवसभर हिंडणे सुखाचे, परंतु सरावासाठी पाच गोळ्या झाडणेही हाताला नकोसे, अशी तक्रार तेव्हापासून चालत आली आहे. चक्रात पाच गोळ्या असाव्यात की सहा, हा दुसरा वाद. २०२४ च्या मालिकेत .३८ चे पाच गोळ्यांचे आणि .३२ चे सहा गोळ्यांचे, असे दोन्ही प्रकार होते. .३२ मध्ये धक्का सौम्य आणि गोळी एक जास्त. म्हणून अडगळीत पडलेल्या या जुन्या काडतुसाचे पुनरागमन अनेकांना आवडले. बाळगण्याची सोय आणि वापरण्याची सोय यांतील हा ताण दीडशे वर्षांचा आहे.

त्याहून जुना एक नैतिक ताण आहे. शस्त्र लपवून बाळगणे ही गोष्ट अमेरिकेत सुरुवातीपासून प्रतिष्ठेची नव्हती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच छुप्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. सज्जनाने शस्त्र उघड मिरवावे, लपवतो तो घातकी, अशी ती धारणा होती. फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांचे तळहाताएवढे पिस्तूल लोकप्रिय झाले, आणि १४ एप्रिल १८६५ रोजी फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर त्याच पिस्तुलातून गोळी झाडली गेली. पुढे कारागिराच्या आडनावात एका 'र'ची भर पडून ते छोट्या पिस्तुलाचे सामान्यनाम झाले.

१८८७ मध्ये स्मिथ अँड वेसनने 'सेफ्टी हॅमरलेस' नावाचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचा मागचा घोडा, म्हणजे हॅमर, आत झाकलेला होता. त्यामुळे खिशातून काढताना तो कापडात अडकत नसे. मुठीच्या मागे एक पट्टी होती. ती तळव्याने आवळल्याखेरीज चाप ओढूनही गोळी सुटत नसे. लोकांनी त्याला 'लेमन स्क्वीझर', म्हणजे लिंबू पिळण्याचे यंत्र, असे लाडके टोपणनाव दिले. एका लहान मुलाच्या हातून घडलेल्या अपघाताची हकिकत ऐकून डॅनियल वेसन यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. हे शस्त्र लहान मुलाच्या हातून सुटणार नाही, असे आश्वासन कंपनीच्या जाहिराती देत असत हे मात्र खरे. म्हणजे १८८७ च्या ग्राहकापुढे दोन प्रसंग एकदम ठेवले होते. एक रस्त्यावरचा, जिथे खिशातून शस्त्र झटकन निघाले पाहिजे. दुसरा घरातला, जिथे खण उघडणाऱ्या मुलाच्या हाती ते निकामी ठरले पाहिजे. हा दुसरा प्रसंग पुढे कसा पुसट होत गेला, तेच आम्हांस पाहायचे आहे.

विसाव्या शतकात छोट्या रिव्हॉल्व्हरला प्रतिष्ठा मिळाली ती पोलिसांमुळे. कोल्ट कंपनीचे दोन इंची नळीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' १९२७ मध्ये आले. साध्या वेशातल्या गुप्तहेराचे शस्त्र ही प्रतिमा त्याच्या नावातच होती. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने आपले नवे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर कोलोराडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले आणि त्याचे नाव तिथल्या मतदानाने ठरले : 'चीफ्स स्पेशल'. नव्या छोट्या रिव्हॉल्व्हरचे पहिले परीक्षक असे पोलीस अधिकारी होते. १९५२ मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त 'सेंटेनियल' आले; त्याचा घोडा झाकलेला होता आणि मुठीत ती जुनी सुरक्षापट्टीही होती. कोल्टच्या हलक्या 'कोब्रा'चे चित्र साऱ्या जगाने पाहिले ते मात्र निराळ्या कारणाने. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे पोलिसांच्या गराड्यात जॅक रूबीने ली हार्वे ओस्वाल्डवर ते रोखले होते.

लहानपणाचे मूल्य शस्त्र कोणाच्या हातात आहे यावर कसे ठरते, हे १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने दाखवून दिले. स्वस्त छोट्या पिस्तुलांना तेव्हा 'सॅटर्डे नाइट स्पेशल' म्हणत; गरीब वस्तीतल्या शनिवार रात्रीच्या मारामाऱ्यांचे ते शस्त्र, असा त्या नावातला तुच्छताभाव. कायद्याखाली आयातीचे निकष ठरले आणि परदेशी रिव्हॉल्व्हरची नळी किमान तीन इंच असावी अशी अट आली. देशात बनणाऱ्या दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरांना ती लागू नव्हती. तोच आखूडपणा स्वस्त परदेशी मालात गुन्हेगारीची खूण ठरला आणि महागड्या देशी मालात व्यावसायिकतेची.

यानंतरचे वळण शौकिनांच्या बाजूने समजून घेतले नाही तर अन्याय होईल. शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना द्यावा की नाही, हे अनेक राज्यांत अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. १९५६ मध्ये माँटगोमरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी असा परवाना मागितला, आणि तो त्यांना नाकारला गेला. धोका सर्वांत जास्त कोणाला आहे आणि परवाना कोणाला मिळतो, यांतले अंतर याहून स्पष्ट कोठे दिसणार? फ्लॉरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देणे बंधनकारक केले, इतर राज्ये त्या वाटेने गेली, आणि सबळ कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची जुनी अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केली. या पस्तीस वर्षांत छोटे रिव्हॉल्व्हर गुप्तहेराच्या काखेतून सामान्य नागरिकाच्या खिशात आले. अधिकाऱ्याच्या मर्जीविषयीचा अविश्वास या प्रवासाच्या मुळाशी आहे, आणि तो निराधार नाही.

आता त्या भोकाकडे वळू. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड झाले. २९ फेब्रुवारी २००० रोजी मिशिगन राज्यात सहा वर्षांच्या एका मुलाने, राहत्या घरात सापडलेले .३२ चे पिस्तूल शाळेत नेऊन, आपल्याच वयाच्या वर्गमैत्रिणीला मारले. अनेक शहरांनी शस्त्रनिर्मात्यांवर खटले भरले होते. अशा वातावरणात १७ मार्च २००० रोजी स्मिथ अँड वेसनने क्लिंटन प्रशासनाशी करार केला. दोन वर्षांत प्रत्येक हातशस्त्रात अंतर्गत कुलूप बसवण्याचे वचन त्यात होते. विक्रेत्यांवर लादलेल्या कडक अटीही होत्या. शौकिनांना आणि दुकानदारांना हा विश्वासघात वाटला. बहिष्कार पडला, खप कोसळला. टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने १९८७ मध्ये सुमारे सव्वाअकरा कोटी डॉलरना घेतलेली ही कंपनी मे २००१ मध्ये केवळ दीड कोटी डॉलरना, कर्जाच्या जबाबदारीसह, विकली. घेणारी कंपनी होती ॲरिझोनातील सेफ-टी-हॅमर, आणि तिचा व्यवसाय होता बंदुकीच्या कुलुपांचा! सत्तांतरानंतर करार कागदावरच राहिला. कुलूप मात्र आले आणि टिकले.

या भोकाला शौकिनांनी नाव दिले 'हिलरी होल'. करार झाला तो अध्यक्षांच्या प्रशासनाशी, नाव दिले गेले त्यांच्या पत्नीचे. अनुप्रासाचा मोह हे एक कारण असेलच. परंतु पुरुषाच्या शस्त्रात एका स्त्रीने पाडलेले छिद्र, असा जो अर्थ त्या नावातून सूचित होतो, तो केवळ अनुप्रासाने येत नाही. 'लिंबू पिळण्याचे यंत्र' ते 'हिलरी होल' हा नामकरणाचा प्रवास बोलका आहे. दोन्ही नावे सुरक्षेच्या यंत्रणेलाच दिलेली. पहिल्यात लाड आहे, दुसऱ्यात तिरस्कार.

शौकीन यावर तांत्रिक उत्तर देतात, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे. मुठीची पट्टी मालकाच्या हाताला आपोआप प्रतिसाद देते. कुलुपाला किल्ली लागते, आणि संकटात किल्ली शोधायला वेळ नसतो. शिवाय हलक्या शस्त्राच्या जोरदार धक्क्याने कुलूप आपसूक लागल्याच्या हकिकती सांगितल्या जातात. ज्या वस्तूवर जीव अवलंबून, तिच्यात बिघडू शकणारा एक भाग विनाकारण का वाढवावा? प्रश्न रास्त आहे. पण मग रूगर कंपनीच्या 'एलसीआर'चे काय? २००९ मध्ये आलेल्या या हलक्या रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यात प्लास्टिक वापरले म्हणून त्याला कुरूप म्हटले गेले. पुढे चापाच्या मऊपणामुळे ते आवडू लागले. त्यातही अंतर्गत कुलूप आहे. ते मुठीखाली झाकलेले आहे, एवढेच. त्याविरुद्ध तसा रोष कधी उसळला नाही. म्हणून आम्हांस असे वाटते, की यंत्राविषयीच्या शंकेइतकाच हा राग खुणेविषयीचा आहे. तुमच्या हातावर आमचा विश्वास नाही, असे कोणीतरी तुमच्याच वस्तूवर कोरून ठेवावे, आणि ते तुम्ही रोज पाहावे!

हा अपमान खरा आहे, असे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. शौकिनांच्या साऱ्या चर्चेत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला जातो : अंधारा रस्ता, अनोळखी हल्लेखोर, खिशाकडे जाणारा हात. वजन, धक्का, गोळ्यांची संख्या, सगळे याच प्रसंगाच्या कसोटीवर घासले जाते. कुलूप या प्रसंगासाठी नव्हतेच. ते होते शस्त्र अंगावर नसते त्या वेळांसाठी. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. मालकाने स्वतः केलेली आत्महत्या त्याच्याच किल्लीच्या कुलुपाने टळली असती, असे आम्ही म्हणत नाही. घरातल्या निराश किशोराच्या बाबतीत मात्र ते म्हणता येईल. १८८७ च्या जाहिरातीत असलेले ते मूल २०२४ च्या स्वागतात कोठेच नाही. संहितेतून एक पात्र गळून पडावे आणि रसिकांना त्याची उणीवही भासू नये, असे हे झाले.

हे केवळ अमेरिकेचे वैगुण्य मानून आपण निश्चिंत होऊ नये. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने खास स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे .३२ चे छोटे रिव्हॉल्व्हर आणले. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये, सोबत दागिन्यांच्या डबीसारखा डबा. अमेरिकेत चर्चा धक्क्याची होते. इथे ती किमतीची आणि परवान्याची झाली. स्त्रीचळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला, की संरक्षणाची जबाबदारी शासन स्त्रीच्याच पर्सवर टाकत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात, की बलात्काराच्या बहुतांश गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. पण 'निर्भीक'च्या कल्पनेतही प्रसंग तोच होता : अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस.

शस्त्राची कथा सांगणाऱ्याला रस्ता आवडतो, कारण तिथे नायक आणि खलनायक वेगळे ओळखू येतात. घरातल्या खणाशी ते तसे ओळखू येत नाहीत. २०२४ च्या त्या रिव्हॉल्व्हरची डावी बाजू आता गुळगुळीत आहे, आणि तिच्याकडे पाहून समाधान पावणाऱ्यांचा आनंद आम्हांस समजू शकतो. खणाशी उभ्या असलेल्या मुलाचा प्रश्न मात्र १८८७ मध्ये होता तिथेच आहे, आणि त्याला मुठीची पट्टी, किल्ली किंवा आणखी काही, असे कोणते तरी उत्तर पुन्हा द्यावे लागणार आहे.