सूर्य, ऊस आणि शाळेचा फळा

जिवंत पेशी शक्ती कशी साठविते व कशी खर्चिते, हे बीड जिल्ह्यातील मुलांस शिकवावयाचे तर आरंभ कोठून करावा? उसाच्या फडापासून, असे आमचे उत्तर आहे. पण त्याआधी थोडा इतिहास पाहू.

निजामी राजवटीत येथील मुलास उच्च शास्त्रे उर्दूतून शिकावी लागत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेत शास्त्र शिकविता येते हे सिद्ध केले. हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. परंतु ती भाषा मराठी मुलाच्या घरची नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि मराठी फळ्यावर आली. आज मुलगा ‘प्रकाशसंश्लेषण’ मराठीत पाठ म्हणतो. पण पाठ होणे म्हणजे कळणे नव्हे.

ज्यांनी हे ज्ञान मिळविले त्यांची साधने साधी होती. १७७१ साली प्रीस्टलीने मेणबत्तीने बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. हे काम हिरवा भाग उन्हातच करतो, हे इंगेनहाउझने १७७९ साली दाखविले. काचेचा पेला, पाण्यातील वनस्पती आणि ऊन एवढ्यावर हा प्रयोग आजही होतो. पुढे १९२९ साली स्नायूंत एटीपी सापडले. ते शोधणाऱ्यांत हार्वर्डला काम करणारे आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अन्नातील शक्ती पेशी याच नाण्यांत मोडून खर्चिते. १९६६ साली हॅच व स्लॅक यांनी उसाच्या पानाची खुबी उलगडली: ते कर्बवायू आधी चार कर्बाणूंच्या आम्लात बांधते, म्हणून कडक उन्हातही त्याचे काम जोमाने चालते. आपली ज्वारी-बाजरीही याच जातकुळीची.

आता फडाकडे पाहा. उसात साखर होऊन बसले आहे ते ऊन. आणि कोयता चालविणाऱ्या हातात भाकरीवाटे उतरले तेही ऊनच. याहून चांगला धडा कोणता? पण दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, आणि ज्याला हा धडा सर्वांआधी कळावा, त्याचीच जागा वर्गात रिकामी राहते. भाषेची भिंत आपण पाडली. ही दुसरी भिंत उभी असेतो आमचे शिकविणे अपुरेच आहे.